दुर्गाबाई खोटे आणि कोल्हापूरची तारामती : फलकावर काय लिहावे?

पंचगंगा (मूळ लेखन)

नमस्कार. १४ जानेवारी हा दुर्गाबाई खोटे यांचा जन्मदिवस. त्या निमित्ताने आमच्या पेठेतल्या वाचनालयात कोल्हापूरच्या जुन्या चित्रपटांतील स्त्रियांविषयी एक छोटे प्रदर्शन मांडायचे ठरले आहे आणि दुर्गाबाईंच्या छायाचित्राखालचा मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. जागा साठ-सत्तर शब्दांची आहे. सगळीकडे वाचलेले वाक्य मीही पहिल्या झटक्यात लिहून टाकले : 'घरंदाज कुटुंबातून चित्रपटात आलेली पहिली स्त्री.' पण लिहून झाल्यापासून ते वाक्य मनाला टोचते आहे. ते खरे आहे का, आणि खरे असले तरी इतक्या मोठ्या कारकिर्दीबद्दल सांगण्यासारखी तीच पहिली गोष्ट आहे का, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

माझ्या वाचनात आलेले आधी मांडते. दुर्गाबाईंचा जन्म १९०५ चा, मुंबईचा. माहेरचे आडनाव लाड. वडील नामांकित सॉलिसिटर होते, घर मोठे आणि सुखवस्तू होते. शाळा कॅथीड्रल, कॉलेज सेंट झेवियर्स. त्या काळच्या मुलींच्या मानाने हे शिक्षण फारच वरचे. लग्न खोटे यांच्या तितक्याच तोलामोलाच्या घरात झाले. पुढे सासरची आर्थिक घडी विसकटली, पदरी बकुल आणि हरिन हे दोन मुलगे होते, आणि कुणापुढे हात पसरायचा नाही म्हणून त्यांनी शिकवण्या धरल्या. चित्रपटाचे काम आले ते या परिस्थितीत. मोहन भवनानी यांच्या १९३१ च्या 'फरेबी जाल' मध्ये त्यांची भूमिका अगदी लहान होती, पण जाहिरातीत त्यांच्या माहेर-सासरच्या नावांचा मोठा गाजावाजा झाला आणि चित्रपट पडला तेव्हा सगळी बोलणी या एकट्या बाईला खावी लागली. कुणीही त्या अनुभवानंतर पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभे राहिले नसते.

त्यानंतर त्यांच्याकडे विचारणा गेली ती कोल्हापूरहून. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी १ जून १९२९ रोजी आपल्या गावात प्रभात फिल्म कंपनी सुरू केली होती. सुरुवातीचे मूकपट झाल्यावर ही मंडळी बोलपटाकडे वळली आणि हरिश्चंद्राच्या कथेतील तारामतीसाठी शांतारामबापूंनी दुर्गाबाईंना निवडले. 'अयोध्येचा राजा' ६ फेब्रुवारी १९३२ रोजी मुंबईत मॅजेस्टिकला लागला. हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे, आणि संगीतही त्यांचेच. याच वर्षी 'माया मच्छिंद्र' आला आणि त्यात त्या स्त्रीराज्याची राणी झाल्या. आमच्याकडे असलेले छायाचित्र याच चित्रपटातले आहे.

तेव्हा प्रश्न असा : या बाईंची ओळख कोल्हापूरच्या वाचकाला कोणत्या शब्दांत करून द्यावी?

वाचनवेडी

पंचगंगाताई, धागा काढलात हे फार चांगले केले. 'घरंदाज' हा शब्द वाचला की मला नेहमी दोन बायका आठवतात आणि वाईट वाटते. १९१३ साली दादासाहेब फाळके यांच्या 'मोहिनी भस्मासुर' मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या होत्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी झाली होती. कमलाबाई तेव्हा जेमतेम तेरा वर्षांच्या. या मायलेकी ब्राह्मण घरातल्या होत्या. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या दुर्गाबाई मुलीला घेऊन फिरत्या नाटक मंडळीत गेल्या, समाजाने त्यांना वाळीत टाकले, आणि तरीही त्यांनी काम सोडले नाही. कमलाबाई पुढे गोखले झाल्या. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव आणि विक्रम गोखले नातू. म्हणजे दुर्गाबाई खोटे कॅमेऱ्यासमोर आल्या त्याच्या अठरा वर्षे आधी या दोघी येऊन गेल्या होत्या.

त्यामुळे 'पहिली' हा शब्द काढावाच लागेल. जन्माने म्हणावे तर कामत मायलेकी आधीच्या आहेत. पैशाने आणि शिक्षणाने म्हणावे तर दुर्गाबाई खोटे यांची गोष्ट वेगळी ठरते हे मान्य, पण मग 'घरंदाज' याचा अर्थ 'श्रीमंत' असा होतो, आणि तो अर्थ फलकावर लिहायला कुणाचाच हात धजावणार नाही.

रंकाळाकाठ

पंचगंगाताईंनी विचारलेला प्रश्न महत्त्वाचा आहे म्हणून सविस्तर लिहितो. मी वयाने सत्तरी ओलांडलेला माणूस आहे, तेव्हा लांबण लागले तर समजून घ्यावे.

तारामती या एकाच भूमिकेकडे पाहिले तर आपल्या चित्रपटातील स्त्रीचा सुरुवातीचा सगळा प्रवास दिसतो. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला तेव्हा तारामती झाले होते अण्णा साळुंके, म्हणजे एक पुरुष. फाळक्यांनी बायका शोधण्याची शिकस्त केली, पण कुणी तयार होईना. शेवटी खानावळीत काम करणाऱ्या या नाजूक चणीच्या तरुणाला त्यांनी लुगडे नेसवले. याच अण्णांनी १९१७ च्या 'लंका दहन' मध्ये राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. रंगभूमीवर तर बालगंधर्वांचे राज्य होते, त्यामुळे पुरुषाने स्त्री होणे यात प्रेक्षकाला काही वावगे वाटत नव्हते.

आता १९१३ ची ती तारामती आणि १९३२ ची कोल्हापूरची तारामती यांच्या मधली एकोणीस वर्षे पाहा. त्यातली सर्वांत अवघड पायरी आपल्या गावात चढली गेली, आणि ती चढणाऱ्या बायकांची नावे आज खरी कॉर्नरवरून रोज जाणाऱ्या माणसालाही ठाऊक नाहीत. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२० साली 'सैरंध्री' काढला. या कंपनीला भांडवल मिळाले ते गायिका तानीबाई कागलकर यांच्याकडून, म्हणजे कोल्हापूरच्या चित्रपटाच्या पायात पहिला दगड बसवणारे हातही बाईचेच होते. 'सैरंध्री' मध्ये बाबूरावांनी स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनाच दिल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या त्या दोघी. पडद्यासाठी त्यांची नावे कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी ठेवली गेली. चित्रपटात काम केल्याबद्दल त्यांच्या माणसांनी त्यांना दूर लोटले आणि त्यांना कंपनीच्या आवारातच राहावे लागले. तिथेच स्वयंपाक, तिथेच झोप आणि तिथेच चित्रीकरण, अशी त्यांची वर्षे गेली.

पुण्यात 'सैरंध्री' पाहून लोकमान्यांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली हे आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावेच. पण त्या पदवीत या दोघींचाही वाटा आहे, तो आपण सांगत नाही. १९२५ च्या 'सावकारी पाश' मध्ये तरुण शांताराम शेतकरी झाले होते आणि कमलादेवीही त्या चित्रपटात होत्या. हेच शांताराम सात वर्षांनी 'अयोध्येचा राजा' चे दिग्दर्शन करत होते. कॅमेऱ्यासमोर खरी बाई उभी राहिली की प्रसंगाला कसे वजन येते, हे त्यांनी पेंटरांच्या आवारात डोळ्यांनी पाहिले होते. दुर्गाबाईंना तारामती म्हणून निवडणारी नजर तिथे तयार झाली, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुनी_चित्रफीत

रंकाळाकाठ काका, आपला प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. मी थोडी भर घालतो ती त्या चित्रीकरणाच्या पद्धतीविषयी, कारण दुर्गाबाईंचे कष्ट त्याशिवाय कळत नाहीत.

१९३२ साली पार्श्वगायन नव्हते. आपल्याकडे ते १९३५ पासून आले. म्हणजे तारामतीची गाणी दुर्गाबाईंना स्वतः, अभिनय करता करता, कॅमेरा सुरू असतानाच म्हणावी लागत. साथीदार चौकटीच्या बाहेर बसत आणि सूर चुकला, शब्द अडखळला किंवा बाहेर कुठे आवाज झाला की प्रसंग पहिल्यापासून. त्यात 'अयोध्येचा राजा' मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत निघाला, त्यामुळे हीच कसरत दोनदा. समोर गोविंदराव टेंबे यांच्यासारखा रंगभूमीवर आणि संगीतात मुरलेला माणूस, नारदाच्या भूमिकेत मास्टर विनायक, आणि गंगानाथ झालेले बाबूराव पेंढारकर. या सगळ्यांमध्ये दुर्गाबाई एकट्याच अशा होत्या की ज्यांच्यामागे ना नाटक मंडळीची तालीम होती, ना मूकपटाचा अनुभव.

माझ्या मते त्यांचा मोठेपणा त्या चित्रपटात एका ठिकाणी फार स्वच्छ दिसतो. राणी असताना आणि दासी झाल्यावर त्यांच्या मानेची ठेवण बदलत नाही. वस्त्रे जातात, दागिने जातात, विकत घेणारा माणूस हुकूम सोडतो, तरी ती बाई वाकते ती कामासाठी वाकते. नाटकी आक्रोश करण्याची त्या काळी चाल होती आणि या कथेत तर त्याला भरपूर वाव होता. दुर्गाबाईंनी तो मोह पुष्कळ ठिकाणी आवरला आहे. शिकलेल्या, मोठ्या घरात वाढलेल्या आणि मग पडते दिवस पाहिलेल्या बाईला तारामती समजावून सांगण्याची गरज पडली नसावी.

सुदैवाने हा चित्रपट आज पाहता येतो. 'सैरंध्री' मात्र उपलब्ध नाही, आणि 'सावकारी पाश' ची १९२५ ची मूळ प्रतही नाही. त्यामुळे कमलादेवींचा अभिनय कसा होता हे आपल्याला कधीही पाहता येणार नाही. याची हळहळ मला फार वाटते.

पन्हाळवाट

एक चूक सतत ऐकू येते ती इथे दुरुस्त करावी. 'अयोध्येचा राजा' पुण्याच्या प्रभातमध्ये झाला असे अनेकजण लिहितात. प्रभात पुण्याला गेली १९३३ साली. 'अयोध्येचा राजा' आणि 'माया मच्छिंद्र' हे दोन्ही चित्रपट कोल्हापूरचे आहेत. दुर्गाबाईंचे प्रभातबरोबरचे पुण्यातील गाजलेले काम म्हणजे १९३६ चा 'अमरज्योती', त्यात त्या सौदामिनी झाल्या. अन्यायाविरुद्ध उभी राहून समुद्रावर लुटारूंची टोळी चालवणारी ती स्त्री आहे. मराठी बाईने तलवार हातात घेऊन जहाजावर उभे राहणे हे त्या काळी काय असेल याची कल्पना करा.

माझी आजी गडहिंग्लजकडची. लहानपणी ती आम्हाला तारामतीची गोष्ट सांगायची तेव्हा मध्येच 'दुर्गाबाईगत पदर खोचून' असे म्हणायची. ही दुर्गाबाई कोण, हे मला फार उशिरा समजले. आजीच्या लेखी तारामतीचा चेहरा तोच होता.

वाचनवेडी

पन्हाळवाट, आजीचे शब्द वाचून फार बरे वाटले. असे शब्द फलकावर यायला हवेत.

मंगळवार_पेठ

सर्वांचे प्रतिसाद वाचले. मला वेगळ्या बाजूने एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती 'घरंदाज' पेक्षा पुष्कळ महत्त्वाची आहे असे मला वाटते. ती म्हणजे त्यांनी काम कसे स्वीकारले.

त्या काळी नट-नटी हे कंपनीचे पगारी नोकर असत. महिन्याचा पगार, कंपनी सांगेल ती भूमिका, आणि करार संपेपर्यंत दुसऱ्या कंपनीचे दार बंद. दुर्गाबाईंनी हे जोखड मानेवर घेतले नाही. प्रभातमध्ये एवढे नाव झाल्यावर त्या कलकत्त्याला जाऊन न्यू थिएटर्ससाठी १९३३ चा 'राजरानी मीरा' करतात. ईस्ट इंडिया फिल्म कंपनीसाठी देवकी बोस यांच्या १९३४ च्या 'सीता' मध्ये सीता होतात आणि हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत जातो. तिथून पुन्हा प्रभातकडे येऊन 'अमरज्योती' करतात, आणि पुढे प्रकाश पिक्चर्सच्या रामकथेत कैकेयी. एकाच कंपनीशी बांधून न घेता काम करणाऱ्या आपल्याकडच्या अगदी पहिल्या कलावंतांत त्यांची गणना होते. दोन लहान मुलांची जबाबदारी असलेल्या बाईने ठरावीक पगाराची शाश्वती सोडून हा मार्ग धरला, हे मला त्यांच्या कुठल्याही भूमिकेइतकेच धाडसाचे वाटते.

याची तुलना शांता आपटे यांच्याशी करून पाहा. त्याही प्रभातच्याच, आणि गायिका-अभिनेत्री म्हणून अफाट लोकप्रिय. कंपनीशी वाद झाला तेव्हा १९३९ साली त्यांनी प्रभातच्या फाटकापाशी उपोषण केले. दोघी एकाच व्यवस्थेशी लढल्या. शांताबाई फाटकाशी बसून लढल्या आणि दुर्गाबाई त्या फाटकाच्या आत कायमच्या अडकल्याच नाहीत. यात डावे-उजवे मला करायचे नाही. पण कंपनीच्या आवारात राहणाऱ्या गुलाबबाईंपासून इथवरचा पल्ला लक्षात घेतला की काकांचा मुद्दा अधिकच पटतो : गुलाबबाईंना आवाराबाहेर जागा नव्हती, आणि बारा-चौदा वर्षांत दुर्गाबाई कोणत्या आवारात जायचे ते स्वतः ठरवत होत्या.

त्या निर्मितीतही उतरल्या. १९३७ चा 'साथी' त्यांनीच काढला, आणि पुढे १९५० च्या दशकात स्वतःची संस्था उभारून लघुपट व जाहिरातपट केले. 'वागळे की दुनिया' ही दूरदर्शनवरची मालिका दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची, हे नव्या पिढीतील किती जणांना ठाऊक असेल?

रंकाळाकाठ

मंगळवार पेठ यांनी सांगितलेली बाजू माझ्या ध्यानात आली नव्हती. मनापासून आभार.

भूमिकांविषयी एक जोडतो. तारामती आणि सीता केलेल्या अभिनेत्रीला लोक देव्हाऱ्यात बसवतात आणि मग ती दुसरे काही करू शकत नाही. दुर्गाबाईंनी ते होऊ दिले नाही. १९४१ च्या 'पायाची दासी' या अत्र्यांच्या चित्रपटात त्या सुनेला छळणारी सासू झाल्या, आणि सून होत्या वनमाला. त्याच्या हिंदी आवृत्तीसाठी आणि पाठोपाठ कैकेयीसाठी बंगालच्या चित्रपट पत्रकारांच्या संघटनेने त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार दिला. म्हणजे ज्या बाईला तारामती म्हणून लोक हात जोडत होते तिला पारितोषिके मिळाली ती खाष्ट सासूसाठी आणि कैकेयीसाठी. 'सीता' मध्ये त्यांचे राम होते पृथ्वीराज कपूर. सव्वीस वर्षांनी, १९६० साली, 'मुघल-ए-आझम' मध्ये तेच पृथ्वीराज अकबर झाले आणि दुर्गाबाई जोधाबाई. नवऱ्याचे राज्य आणि मुलाचे प्रेम यांच्यात सापडलेली ती राणी आठवा. तिच्यात मला कोल्हापूरच्या तारामतीची मान पुन्हा दिसते.

मराठी रंगभूमीवरही त्यांनी मोठे काम केले. शेक्सपिअरच्या मॅकबेथवरून शिरवाडकरांनी लिहिलेल्या 'राजमुकुट' मधले त्यांचे काम आमच्या वडिलांनी पाहिले होते, आणि त्या प्रयोगाविषयी ते अखेरपर्यंत बोलत.

जुनी_चित्रफीत

पुरस्कारांची नोंद फलकासाठी लागेल म्हणून देतो : संगीत नाटक अकादमी १९५८, पद्मश्री १९६८, 'बिदाई' साठी फिल्मफेअर, आणि १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार. 'मी दुर्गा खोटे' हे त्यांचे आत्मचरित्र १९८२ चे. निधन २२ सप्टेंबर १९९१, अलिबाग. ताई, माझी विनंती अशी की ही यादी फलकावर न घालता हस्तपत्रिकेत घालावी. साठ शब्दांत यादी घातली तर बाई दिसणार नाही.

पंचगंगा

सर्वांचे मनापासून आभार. पहिले वाक्य काढून टाकले आहे. वाचनालयाच्या मंडळींना हा धागा वाचून दाखवला, आणि दुर्गाबाईंच्या शेजारी आणखी एक चौकट लावायचे ठरले. गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांचे छायाचित्र आमच्याकडे नाही, म्हणून त्या चौकटीत फक्त अक्षरे असतील. त्यांची स्वतःची नावे आधी येतील, ठळक. पडद्यावरची नावे त्याखाली. प्रदर्शनात शिरताना ही चौकट आधी लागेल आणि दुर्गाबाईंची नंतर. पन्हाळवाट, आपल्या आजींचे शब्द हस्तपत्रिकेवर घेऊ का, ते कृपया कळवावे.

दुर्गाबाईंच्या छायाचित्राखाली जाणारा मजकूर असा :

'दुर्गाबाई खोटे (१९०५–१९९१). १९३२ साली कोल्हापुरात, प्रभात फिल्म कंपनीच्या "अयोध्येचा राजा" या बोलपटात तारामती झाल्या. गाणी स्वतः गायल्या, आणि भूमिका मराठीत व हिंदीत अशी दोनदा केली. त्याच वर्षी "माया मच्छिंद्र" मध्ये राणी. पुढे कलकत्ता, पुणे आणि मुंबई येथे, कोणत्याही एका कंपनीच्या करारात कायमचे न अडकता, पन्नास वर्षे काम केले. १९१३ च्या मूकपटात तारामतीची भूमिका एका पुरुषाला करावी लागली होती.'